सायकल चांगली, स्टँड टाकाऊ: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून

पुण्यात मंडईबाहेर उभी केलेली सायकल उजव्या अंगावर पडली आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, तिच्याखाली आला, म्हणून हे लिहायला बसलोय. एरवी लिहिलं नसतं, कारण सायकलबद्दल तक्रार करावी असं फारसं काही नव्हतं. हायब्रिड, ७०० बाय ३५ चे टायर, मागे सात गिअर, केबलवाले डिस्क ब्रेक. या भावातल्या सायकलींची कुंडली घेणाऱ्यांना पाठच असते, ती परत मांडत नाही. ब्रँडचं नावही घेत नाही, कारण साडेचौदा हजारांच्या आसपासच्या ज्या-ज्या सायकली मी दुकानात बघितल्या, त्या सगळ्यांना हाच स्टँड होता.

तर स्टँड. डावीकडे एकच पाय, तोही दोन तुकड्यांचा असतो. आतला बाहेरच्यात सरकतो, हवी तेवढी लांबी ठेवायची आणि बारीक अ‍ॅलन स्क्रू आवळायचा. हा स्क्रू कुठल्या खाचेत बसत नाही, नुसता अ‍ॅल्युमिनियमवर दाबून धरतो. रोजच्या वजनाने पाय थोडाथोडा आत जातो, सायकल डावीकडे जास्त-जास्त कलते आणि एक दिवस लोळण घेते. डावीकडे पडली तर ठीक आहे, ग्रिप खरचटते, पायडल घासतं. पण पहिल्या फ्री सर्व्हिसला मी हे सांगितल्यावर तिथल्या मुलाने पाय सरळ दीड-दोन सेंटिमीटर लांब करून दिला. "आता नाही पडणार, सर." सायकल ऐटीत उभी. इतकी सरळ, की शेजारून कुणी अ‍ॅक्टिव्हा काढताना नुसता आरसा लागला तरी उजवीकडे कलंडावी. आणि सायकलीचा सगळा किमती माल उजवीकडेच असतो.

त्यात हँडलला भाजीची पिशवी. पिशवीच्या वजनाने हँडल वळतं, पुढचं चाक सरकतं आणि सगळा डोलारा जातो. यावर उपाय फुकटातला आहे: पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबून त्याला जाड रबरबँड अडकवा. चाक जाम होतं, सायकल मागेपुढे सरकत नाही. पण साडेचौदा हजार घेऊन रबरबँड मी शोधायचा?

पडल्यावर वरवर काही दिसलं नाही. चालवायला लागलो तर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चेन आपल्याच मनाने उड्या मारायची, आणि सर्वात हलक्या गिअरवर तारांना घासल्याचा आवाज यायचा. हा घोटाळा हँगरचा असतो. डिरेलर फ्रेमला थेट लावलेला नसतो, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा बोटाएवढा तुकडा असतो, तोच हँगर. तो मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे धक्का बसला की तो वाकतो आणि फ्रेम वाचते. कल्पना झकास आहे. अट एवढीच, की तो तुकडा बाजारात मिळाला पाहिजे. पण हँगर मॉडेलगणिक वेगळा. एकाचा दुसऱ्याला बसत नाही.

सर्व्हिस सेंटरात गेलो. काउंटरवरच्या मुलाने बसल्या जागेवरून बघितलं आणि म्हणाला, "सर, पूर्ण डिरेलर बदलावा लागेल."

"डिरेलरला काय झालंय? हँगर वाकलाय."

"हँगर सुटा येत नाही."

"दोन स्क्रूंवर आहे तो. सुटा येत नाही तर सुटा लावला कसा?"

आतून मोठे साहेब आले. त्यांच्या मते हँगर सुटा येतो, पण मागवावा लागतो, पंधरा दिवस, कदाचित महिना. वॉरंटीत बसतो का? नाही, "फिजिकल डॅमेज". स्टँडमुळे पडली ना? स्टँड अ‍ॅक्सेसरीत येतो, त्याला वॉरंटी नाही. सायकल विकताना मात्र "स्टँड फ्री आहे, सर" हे दोनदा सांगितलं होतं.

मग नारायण पेठेतल्या एका बोळातले सायकल दुरुस्तीवाले मामा. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, छताला जुन्या रिमा टांगलेल्या. त्यांनी डिरेलर खोलून चेनवरच लोंबकळत ठेवला, कोपऱ्यातून एक जुनं मागचं चाक काढलं आणि त्याचा एक्सल थेट हँगरच्या भोकात फिरवला. आटे जुळतात! सायकलीला मागे एकाऐवजी दोन चाकं, शेजारी-शेजारी. आता दोन्ही रिमांमधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे सारखं यायला हवं. खाली कमी होतं. मामांनी दुसरं चाक दोन्ही हातांनी धरून हळूच दाबलं, बोटं घालून अंतर बघितलं, परत जरासं दाबलं. अ‍ॅल्युमिनियम आहे, चारदा वाकवलं की तुटणार, म्हणून दमाने. दहा मिनिटांत काम झालं आणि ऐंशी रुपये. गिअर आता नव्याहून बरे पडतात, म्हणजे कारखान्यातूनही तो धड सरळ आला नसावा.

स्टँडकडे बघून मामा हसले. मागच्या एक्सलला लागणारा जुना डबल स्टँड द्या म्हटलं, तर डावीकडचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटा घेणारा भाग, आडवा येतो. मग त्यांनी स्टँडच्या दोन्ही तुकड्यांतून आरपार भोक पाडलं आणि नटबोल्ट घातला. आता सरकायची बिशाद नाही. खालचं रबर कधीच गळून पडलं होतं, तिथे त्यांनी जुन्या टायरचा तुकडा ठोकून दिला. तीस रुपये.

इथवर लिहून ठेवलं होतं ते रागाच्या भरात. नंतर दोन-तीन आठवडे चालवल्यावर राग निवळला. सायकल घेतल्यापासून काही मतं बदलली आहेत, तीही टाकतो.

डिस्क ब्रेक हे मी तरुण पोरांचं खूळ समजत होतो. जुलैत एकदा पावसात चांदणी चौकातून पौड रोडने कोथरूडला उतरलो आणि तो विषय संपला. रिमवर घासणारे ब्रेक ओले झाले की आधी पाणी पुसतात, मग विचार करून थांबतात. डिस्क रस्त्यापासून उंच असते, चिखल तिथपर्यंत कमी पोचतो. पहिले दोन-चार दाब किंचाळते, रिक्षावालासुद्धा वळून बघतो, पण थांबते. केबल मात्र अधूनमधून ताणून घ्यावी लागते, पॅड झिजतात तसा लिव्हर हँडलला टेकायला लागतो.

सात गिअरही चैन वाटले होते. कोथरूडहून डेक्कनला येताना गिअर लागतच नाहीत, कर्वे रोड उताराचा आहे. सकाळी लवकर निघालं तर नळ स्टॉपपर्यंत पायडल मारायचं फक्त निमित्त असतं. तोच रस्ता संध्याकाळी वसूल करतो. चढ म्हणावा असा दिसत नाही, पण पाठीवर लॅपटॉप आणि पुढे पीएमपी बसचा धूर असला की तिसरा गिअर देवासारखा धावून येतो.

आणि पार्किंग! पी१-पी२ ची पाटी वाचून आज तारीख सम की विषम हे आठवत बसायचं नाही. टोइंगच्या गाडीवरचा पोरगा स्पीकरवरून नंबर पुकारत येतो तेव्हा लक्ष्मी रोडवर जी धावपळ होते, ती मी चहा पीत बघतो. तुळशीबागेच्या तोंडापर्यंत जाता येतं. पेट्रोल लिटरमागे शंभरीपार आहे, ते वेगळंच.

रविवारी खडकवासल्याला जाऊन येतो. पावसाळ्यात जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर, येताना पाठीवर, त्यामुळे परत येताना आपण फार तयारीचे सायकलपटू आहोत असा समज होतो. घट्ट कपड्यांतले खरे सायकलपटू तेवढ्यात सिंहगड चढून उतरून शेजारून जातात. हेल्मेट मी घालतो. पुण्यात स्कूटरवाला हेल्मेटशिवाय आणि सायकलवाला हेल्मेट घालून, म्हणून लोक बघतात, बघू देत.

सायकल ट्रॅकबद्दल जास्त लिहीत नाही. २०१७ च्या अखेरीस शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच सुमारास विद्यापीठात आणि औंधात भाड्याच्या सायकलीही आल्या होत्या. सायकली गेल्या. ट्रॅक काही ठिकाणी आहेत, त्यांवर पेव्हर ब्लॉक, विजेचे डीपी बॉक्स आणि भुर्जीची गाडी. माझ्या हायब्रिडला पुढे शॉकअप नाही, त्यामुळे ब्लॉकवरचा प्रत्येक सांधा मनगटात कळतो. मी डांबरावरूनच जातो.

पैशांचं राहिलं. मडगार्ड, कॅरिअर, घंटी, लाइट, कुलूप, सगळं वेगळं घ्यावं लागलं. पुण्यात जूनमध्ये मडगार्डशिवाय सायकल विकणं म्हणजे छत्री विकून कापड वेगळं लावण्यासारखं आहे. त्यावर मीठ म्हणजे, मी घेतली जूनमध्ये आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. माझ्या किमतीवर हिशेब केला तर नऊशे रुपये होतात. नऊशे रुपयांत मडगार्ड आणि कॅरिअर दोन्ही आले असते. घरी हा हिशेब दोनदा सांगून झाल्यावर "आता पुरे" असं सांगण्यात आलं आहे.

घेणाऱ्यांनी दुकानातच तीन गोष्टी करा. स्टँडवर उभी करून सीटवर जोर द्या, पाय सरकतो का बघा. हँडलला पिशवी अडकवून सोडा. आणि त्याच मॉडेलचा एक जादा हँगर बिलात घालून घ्या, तेव्हा दुकानदार हसतमुख असतो, तेव्हाच मिळतो.

मी सांगून ठेवलेला हँगर अखेर गेल्या आठवड्यात आला. सर्व्हिस सेंटरातून फोन, "सर, तुमचा पार्ट आलाय, साडेतीनशे." मामांनी सरळ केलेला अजून उत्तम चालतोय, तरी जाऊन घेतला, परत वाकला तर महिनाभर कोण थांबणार. पक्कं बिल मागितलं. मुलाने तोंड वाकडं करत छापून दिलं. काउंटरवर उभं राहूनच बघून घेतलं, ५ टक्केच लावलाय.