कामगार न्यायालयातल्या उलटतपासणीचा ऑनलाइन कोर्स: सहा महिन्यांनंतर

कोर्सची मुदत संपत आल्याचे मेसेज रोज येतायत, पण मी पाठवलेल्या उलटतपासणीच्या (समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला प्रश्न विचारण्याच्या) दुसऱ्या व्हिडिओवरचा अभिप्राय अजून आलेला नाही. म्हणून लिहायला बसलोय. संस्थेचं नाव घेत नाही. वकिलांसाठी व्याख्यानं, सराव आणि आपण पाठवलेल्या व्हिडिओवर ज्येष्ठ वकिलांचा अभिप्राय, असं कोर्सचं स्वरूप.

सुरुवातीला वाटलं, पैसे पाण्यात गेले. सरतपासणीवर, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारण्यावर, तासन्‌तास व्याख्यानं! अहो, आपल्याकडे सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर दाखल होते. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून ‘मग काय झालं?’ विचारायची पाळी कितीदा येते? सगळा साचा ज्युरीसमोर बोलणाऱ्या परदेशी वकिलांसाठी बेतलेला. ज्युरीच्या डोळ्यांत बघा म्हणे. आमचं लक्ष असतं स्टेनोच्या बोटांकडे.

आणि इथेच घोडं पेंड खातं. साक्ष लिहिली कशी जाते, यावर अख्ख्या कोर्समध्ये एक मिनिटही नाही. आपण विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा जसाच्या तसा उतरत नाही. न्यायाधीश उत्तराचं वाक्य करून सांगतात आणि तेच टाइप होतं. कामगार कपातीच्या एका प्रकरणात मालकाच्या साक्षीदाराला विचारलं, ‘तुम्ही नोटीस दिली नाही, नोटिशीऐवजी पगार दिला नाही आणि भरपाईही दिली नाही, बरोबर?’ तो म्हणाला, नाही. कागदावर आलं, ‘हे म्हणणे खरे नाही की, मी अर्जदारास नोटीस, नोटीस पगार व नुकसानभरपाई दिली नाही.’ आता त्याने नेमकं काय नाकारलं? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफचा (कपातीआधी नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, शिवाय भरपाई द्यायलाच हवी) सगळा डोलारा ज्यावर उभा करायचा, ते वाक्यच निकामी.

दोन महिन्यांनी मत बदललं, ते याच कारणाने. ‘एका प्रश्नात एकच गोष्ट’ हा सराव त्यांनी इतका घोटून घेतलाय की सुरुवातीला पोरकट वाटतो. पण पुढच्या प्रकरणात तसंच तोडून विचारलं. ‘नोटीस दिल्याचा कागद दाखल केलाय?’ नाही. ‘भरपाई दिल्याची पावती आहे?’ नाही. नोंद आली, ‘हे खरे आहे की, नुकसानभरपाई दिल्याची पावती मी दाखल केलेली नाही.’ असं एक वाक्य युक्तिवादात पानभर न्यायनिवाड्यांपेक्षा जास्त कामाला येतं. साक्ष लिहिण्याच्या आपल्या पद्धतीलाच हा सराव सर्वांत जास्त लागू पडतो, आणि शिकवणाऱ्यांना त्याचा पत्ताच नाही! दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १८, नियम १० आहे. विशेष कारण असेल तर ठरावीक प्रश्न आणि उत्तर न्यायालय तसंच्या तसं लिहून घेऊ शकतं. त्या धर्तीवर विनंती कधी करावी, न्यायाधीश न चिडता कशी करावी, हे कुणीतरी शिकवा ना.

हजेरीपटाचा भाग मात्र अनपेक्षितपणे झकास. कपातीआधीच्या वर्षात कामाचे २४० दिवस भरल्याचं (तरच २५-एफचं संरक्षण मिळतं) कामगारानेच शाबीत करायचं, नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या हदिमणी निकालापासून (२००२) पक्कं आहे. त्यामुळे हजेरीपट आणि पगारपत्रकं हजर करायचा अर्ज आधी, उलटतपासणी नंतर, हा क्रम त्यांनी नीट बसवलाय. खातेनिहाय चौकशीचा (मालकाने कामगाराविरुद्ध केलेली अंतर्गत चौकशी) भाग ठीकठाक.

आता सेवेबद्दल. ‘ज्येष्ठ वकील तुमचा व्हिडिओ बघून अभिप्राय देतील’, यासाठीच जास्तीची फी होती. पहिल्या व्हिडिओवर आलेला अभिप्राय: आवाज चांगला, हात खिशात नकोत, गळ्यातला वकिली बँड सरळ करा. प्रश्नांवर एक अक्षर नाही. फोन केला तर ‘तिकीट रेझ केलंय सर’. फी परत मागितल्यावर नियमावलीचा दुवा आला. त्यात फी परत न देण्याचं कलम ठळक अक्षरांत आहे, अभिप्राय किती दिवसांत देणार ते कुठेच नाही. करारातली एकतर्फी कलमं कशी हाणून पाडायची, हे शिकवणाऱ्यांनीच!

भर: १९४७ च्या कायद्याची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कोर्सच्या टिपणांत अजूनही फक्त १९४७ चा कायदा. विचारलं तर उत्तर आलं, सुधारित आवृत्ती नूतनीकरण करणाऱ्यांनाच मिळेल.

नूतनीकरण केलेलं नाही. तोडून प्रश्न विचारण्याचा सराव आणि हजेरीपट, एवढे दोनच भाग वेगळे विकत असते तर वकिलीची नवीन सनद मिळालेल्यांना घ्या म्हटलं असतं. वेगळे विकत नाहीत, विचारून झालंय.