१४ महिने, ८ लांब उड्डाणं आणि दोन लहान मुलं: काय कामी आलं, काय नाही

पहिल्या उड्डाणात धाकटी पाच महिन्यांची होती, परवाच्या आठव्यात एकोणीस महिन्यांची. थोरला तेव्हा सव्वातीन वर्षांचा होता, आता साडेचारचा झालाय. चार वेळा जाऊन-येऊन, एकेक उड्डाण ९ ते १४ तासांचं. बॅसिनेट (विमानात समोरच्या भिंतीला लावायचा बाळाचा छोटा पाळणा), मांडीवरचं बाळ, कार सीट (गाडीत मुलांना पट्ट्याने बांधून बसवायची छोटी सीट), घडीची स्ट्रोलर, पायाशी फुगवायची उशी, सगळं वापरून झालंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रवासाची माझी सगळी तयारी मुलांनी रडू नये यासाठी होती. खरं सांगायचं तर लोकांना त्रास होऊ नये यासाठी होती. आजूबाजूच्या प्रवाशांसाठी इअरप्लग आणि चिठ्ठी घातलेली पाकिटंसुद्धा केली होती. ती वाटत मी उभी होते आणि तेवढ्यात धाकटी भुकेने कळवळायला लागली, कारण तिची दुधाची वेळ टळून गेली होती. दुसऱ्या प्रवासापासून पाकिटं बंद केली. मूल विमानात रडतं ते बहुतेक वेळा कान, पोट, तहान किंवा झोप यांपैकी कशाने तरी. त्या चार गोष्टींकडे आधीच बघायला लागल्यापासून आमचे प्रवास सोपे होत गेले. खेळण्यांनी ते झालं नाही.

कानाचं आधी सांगते, कारण इथे माझी मोठी चूक झाली. टेकऑफला दूध पाजा असं सगळेच सांगतात. मी पाजलं. विमान धावपट्टीकडे जाण्याआधी पाऊण तास जागच्या जागी उभं राहिलं आणि बाटली जमिनीवरच संपली. तरी वर चढताना तिला काहीच झालं नाही. चढताना कानाच्या आतली जास्तीची हवा नळीतून आपोआप बाहेर पडते. त्रास उतरताना असतो. बाहेरचा दाब वाढत जातो, कानाला घशाशी जोडणारी नळी आवळली जाते आणि गिळल्याशिवाय किंवा जांभई दिल्याशिवाय ती उघडत नाही. लहान मुलांची ही नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर दडे बसतात. त्या दिवशी उतरताना धाकटी गाढ झोपलेली होती. चला, झोपली आहे तर झोपू दे, असं आम्हाला वाटलं. झोपेत गिळणं कमी होतं हे तेव्हा माहीत नव्हतं. वीस मिनिटांनी ती किंचाळत जागी झाली आणि विमान थांबेपर्यंत काही केल्या थांबली नाही. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

आता आम्ही उतरणं सुरू होतानाच, म्हणजे लँडिंगच्या साधारण अर्धा तास आधी, तिला जागं करतो. क्रूला आधीच विनंती करून ठेवायची, ते येऊन सांगतात. तेव्हाच्या दुधासाठी एक बाटली पूर्ण प्रवासभर बाजूला ठेवलेली असते, कितीही मागितली तरी ती उघडायची नाही. थोरल्याला स्ट्रॉने पाणी, घोट घोट. कडक गोळ्या या वयात देऊ नयेत, घशात अडकतात. सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवून घ्यायचे. तिसऱ्या प्रवासाच्या वेळी आम्ही दाखवले आणि थोरल्याच्या कानात संसर्ग निघाला. तिकिटं आठवडाभर पुढे ढकलली. पैसे गेले, त्याचं वाईट वाटलं नाही.

स्ट्रॉवरून आठवलं. जमिनीवर घट्ट बंद केलेली स्ट्रॉची बाटली वर गेल्यावर सरळ मुलाच्या हातात देऊ नका. आत जमिनीवरचा दाब असतो, बाहेर केबिनमध्ये तो कमी झालेला असतो. केबिनमधली हवा जास्तीत जास्त ८,००० फूट म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. काही नव्या विमानांत ती ६,००० फुटांच्या आसपास ठेवतात. झाकण उघडलं की पाणी कारंज्यासारखं उडतं. आधी झाकण पिळून थोडं सैल करायचं, हवा जाऊ द्यायची, मग उघडायचं. हेच पोटाचंही होतं. पोटातला वायू वर गेल्यावर पाव ते एक तृतीयांश फुगतो. पाच महिन्यांच्या बाळाला तेवढा पुरेसा त्रास देतो. धाकटीला दर दुधानंतर खांद्यावर घेऊन नीट ढेकर काढायला लागलो तेव्हापासून तिचं मध्येच पाय पोटाशी घेऊन रडणं थांबलं.

बॅसिनेटबद्दल माझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे. पाच महिन्यांचं बाळ त्यात छान मावतं, हात मोकळे होतात, जेवता येतं. पण सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला उचलावं लागतं, झोपलेलं असलं तरी. आमच्या पहिल्या ११ तासांत तो दिवा पाच वेळा लागला. तिची सगळ्यात लांब झोप पन्नास मिनिटांची झाली. शिवाय बॅसिनेट असते ती भिंतीसमोरची पहिली रांग. तिथे जेवणाचा ट्रे आर्मरेस्टमध्ये असतो, म्हणून आर्मरेस्ट वर होत नाही आणि थोरल्याला आमच्या मांडीवर आडवं होता येत नव्हतं. पुढे सीट नसल्यामुळे टेकऑफ आणि लँडिंगला पिशवी पायाशी ठेवता येत नाही. नेमक्या दूध लागणाऱ्या वेळी ती वर कप्प्यात बंद. आता ती बाटली आधीच सीटच्या खिशात काढून ठेवते. वजनाची मर्यादा प्रत्येक विमान कंपनीची वेगळी असते, काही जण लांबीही बघतात. दहाव्या महिन्यात धाकटी वजनात बसत होती, पण पाय बाहेर. तो प्रवास पूर्ण मांडीवर केला. उतरल्यावर माझा उजवा हात दोन दिवस वर जात नव्हता.

आणि मग सीटचा प्रश्न. दोन वर्षांखालच्या मुलाला बहुतेक ठिकाणी मांडीवर नेता येतं आणि भाडं मोठ्यांच्या अगदी थोड्या अंशाने लागतं. आम्हीही पहिले दोन प्रवास तेच केलं. दुसऱ्या प्रवासात परतताना जेवणाच्या वेळी विमानाला अचानक मोठा धक्का बसला. समोरचा पेला छताकडे उडाला. धाकटी माझ्या हातातून पूर्ण सुटली नाही, पण सुटू शकली असती हे मला त्या क्षणी स्पष्ट कळलं. साधा हिशेब आहे: तीन जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट जोराच्या, धक्क्यात ९ किलोचं मूल २७ किलोचं होतं. घट्ट धरीन म्हणून चालत नाही.

घरी आल्यावर मी या विषयावर जेवढं मिळेल तेवढं वाचलं. १९८९ साली अमेरिकेतल्या सू सिटीला झालेल्या अपघातात चार मुलं स्वतःच्या सीटशिवाय होती, त्यातलं एक दगावलं. त्या विमानातल्या प्रमुख फ्लाइट अटेंडंट जॅन ब्राउन यांनीच आई-वडिलांना मुलांना जमिनीवर ठेवायला सांगितलं होतं, कारण तेव्हाची सूचनाच तशी होती. पुढे त्यांनी अनेक वर्षं लहान मुलांना स्वतंत्र सीट सक्तीची करावी म्हणून प्रयत्न केले. २००५ साली अमेरिकी विमान प्रशासनाने सक्ती करणार नाही असं ठरवलं. त्यांचं म्हणणं असं की तिकीट महाग झालं तर कुटुंबं गाडीने जातील आणि रस्त्यावर धोका विमानापेक्षा जास्त आहे. हा युक्तिवाद मला पटतो, पण तो सगळ्यांचा मिळून हिशेब आहे. समुद्रापलीकडे जाताना माझ्यापुढे रस्त्याचा पर्याय नसतो. तिसऱ्या प्रवासापासून धाकटीची सीट घेतली. महाग पडते, खूप महाग पडते. घेता येत नसेल त्या कुणालाही मी दोष देणार नाही. पण जमत असेल तर बाकी सगळ्या वस्तूंचे पैसे वाचवा आणि इथे घाला.

मांडीवरच्या बाळासाठी आईच्या पट्ट्यात ओवायचा छोटा पट्टा बऱ्याच ठिकाणी देतात. अमेरिकेत टेकऑफ-लँडिंगला तो चालत नाही.

सीट घेतली तर कार सीट आणावी लागते, तिच्यावर विमानात चालते असा शिक्का बघून. इकॉनॉमीची सीट साधारण ४३ ते ४६ सेंटीमीटर रुंद असते, म्हणून घरीच टेपने मोजा. बहुतेक ठिकाणी कार सीट खिडकीशी लावायला लावतात, म्हणजे बाहेर पडायची वाट अडत नाही. ओझं आहे. विमानतळावर ती पाठीवर घेऊन चालताना जीव मेटाकुटीला येतो. पण धाकटीला ती रोजच्या ओळखीची जागा. तेराव्या महिन्यात तिने त्यात सलग चार तास झोप काढली. दिवा लागला, गेला, पुन्हा लागला, कुणी तिला हात लावला नाही. थोरल्यासाठी सीटच्या पाठीला अडकवायचा पट्टा घेतला होता, १० ते २० किलोच्या मुलांसाठीचा आणि उंचीची मर्यादा साधारण १०० सेंटीमीटर. दोन प्रवास वापरला आणि तो उंचीने बाहेर गेला. एवढ्या थोड्या काळासाठी उसना मिळाला तर उसनाच घ्या.

स्ट्रोलर दारापाशी देऊन दारापाशी परत मिळेल असं सांगितलं होतं. मधल्या थांब्यावर ती मिळालीच नाही, थेट शेवटच्या सामानाच्या पट्ट्यावर आली. अडीच तास दोन्ही मुलं आणि पिशव्या. तेव्हापासून अंगावर बांधायचं कॅरिअर सोबत असतंच. फुगवायची उशी एका उड्डाणात क्रूने लावू दिली, दुसऱ्यात नाही. विकत घेण्याआधी विमान कंपनीला विचारा. नवी खेळणी वीस-वीस मिनिटं टिकली. कागदी चिकटपट्टीचा एक रोल मात्र दोन तास पुरला. एवढंच.

दुधाच्या पाण्याबद्दल: सुरक्षा तपासणीत १०० मिलीची मर्यादा बाळाच्या दुधाला आणि खाण्याला बहुतेक ठिकाणी लागू होत नाही, पण ते वेगळं काढून दाखवावं लागतं. मी पावडर मोजून कोरड्या डब्यांत नेते आणि बंद बाटलीचं पाणी मागते. मूल मांडीवर असताना गरम चहा-कॉफी मात्र अजिबात घेऊ नका, शेजारच्यालाही तेवढं बोलून ठेवा. केबिनची हवा अतिशय कोरडी असते, आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली. दोन्ही मुलांच्या नाकात दर काही तासांनी सलाइनचे थेंब टाकले की श्वासाची कुरकुर कमी झाली.

झोपेचं औषध द्या असं दोघा-तिघांनी मायेने सुचवलं. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट नकार दिला. सर्दी-ॲलर्जीच्या ज्या औषधांनी गुंगी येते, त्यांनीच काही मुलं उलट चेकाळतात. आणि बंद विमानात मूल नीट श्वास घेतंय का याची काळजी करत बसायचं, हे मला झेपलं नसतं.

जेट लॅगचा, म्हणजे वेळ बदलल्याने झोप बिघडण्याचा त्रास मात्र प्रत्येक वेळी झाला, त्याला पळवाट सापडली नाही. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, आणि पूर्वेकडे जाताना जास्त अवघड जातं. पहिल्या वेळी रात्री दोनला दोघं टक्क जागी, भुकेली. आम्ही दिवे लावले, कार्टून लावलं, आणि नऊ रात्री तेच चाललं. हल्ली पलंगाशी खाऊ झाकून ठेवलेला असतो. मंद दिव्यात खायचं, हळू बोलायचं, परत आडवं व्हायचं. दिवसा ऊन मिळेल असं बाहेर काढायचं, दुपारची झोप दीड तासावर मोडायची, रडली तरी. चौथ्या प्रवासात पाचव्या रात्री दोघं सलग झोपली. पोहोचल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत आम्ही आता कुणाला भेटायचंच ठरवत नाही. नातेवाईक नाराज झाले, नंतर समजलं त्यांना.

विमानातही आम्ही पाळी लावतो: तीन तास एकाचे, तीन तास दुसऱ्याचे. ज्याची पाळी नाही त्याने खरोखर डोळे मिटायचे, मुलं रडली तरी उठायचं नाही. हे सुरुवातीला मला फार जड गेलं. धाकटी रडायची आणि मी पडून ऐकत राहायचे. पण १४ तासांच्या शेवटी, उतरताना, जागं राहायचं असतं ते मलाच. तेव्हाच बाटली द्यायची असते.

पाचवा प्रवास पाच महिन्यांनी आहे. तोवर धाकटी दोन वर्षांची होईल, म्हणजे सीट घ्यावीच लागेल. कार सीट परवा धुवून वाळत घातली आहे. रात्रीचं उड्डाण आणि मध्ये चार तासांचा थांबा असं तिकीट काढलंय, थोडं जास्त पडलं.