सोलापूरहून रतनवाडी: एका कौलारू मुक्कामाचा पावसाळा ते उन्हाळा अनुभव

डोंगरात एका साध्या घरी तीन-चार रात्री मुक्काम ठोकायचा आणि तिथून रोज वेगळ्या वाटेने चालायला जायचं, अशी सुट्टी आम्ही गेल्या जूनपासून घेतोय. घर रतनवाडीच्या बाजूला, भंडारदरा धरणाच्या मागच्या अंगाला आहे. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन. आवणी म्हणजे भाताची लावणी झाली, भातकापणी झाली, थंडी सरली, आता तिथे राब भाजायचे, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करायचे दिवस आले. एवढ्या काळात घर तेच, यजमान तेच आणि पाठीवरच्या सॅकही त्याच, म्हणून आता लिहायला हरकत नाही असं वाटलं.

आधी अंतराचं बोलू, कारण सोलापुरात हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला. "काय बे, एवढं लांब कशाला? महाबळेश्वर आहे की." खरं आहे. टेंभुर्णी, करमाळा, नगर, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असं करत चारशेच्या वर किलोमीटर होतात आणि स्वतःची गाडी असली तरी थांबत-जेवत अख्खा दिवस जातो. शनिवारी जाऊन रविवारी परतणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. पण आमच्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरीने, आणि रतनवाडीजवळच्या घाटघरला पाच हजारांच्या घरात. भुईकोट किल्ल्याच्या गावातल्या माणसाला चढ म्हणजे काय हे समजायला कुठेतरी लांब जावंच लागतं. आमच्या भागात त्यातल्या त्यात चढ म्हणावा तो येडशीच्या रामलिंगाला. सरावाला आम्ही तिथे जातो, नाहीतर अपार्टमेंटचे जिने. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून सात मजले वर-खाली करणाऱ्याला वॉचमन काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता घर. 'रस्टिक' या नावाखाली हल्ली काहीही खपवलं जातं. भिंतीला बैलगाडीचं चाक टांगलं, कंदिलात बल्ब बसवला की दर दुप्पट. या घरात तसलं काही नाही, आणि सोयीही फार नाहीत. पण अशी घरं पारखायची कशी, याचं माझं माप या महिन्यांत पूर्ण बदललं. पूर्वी मी खिडकीतून काय दिसतं ते विचारायचो. आता विचारतो, ओले कपडे कुठे वाळतात?

हसू नका. जुलैत तुम्ही दुपारी परत येता तेव्हा अंगावरची एकही गोष्ट कोरडी नसते. बूट, मोजे, टोपी, पाकीट, पाकिटातल्या नोटा. आणि बाहेर पुढचे चार दिवस ऊन पडणार नसतं. या घरात चुलीच्या वर बांबूचा माळा आहे. मुळात तो धान्य आणि सरपण कोरडं ठेवायला केलेला, पण घरच्या यजमानीणबाई, आमच्या मावशी, त्यावर आमचे मोजे पसरतात, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते कडेला ठेवतात आणि सकाळपर्यंत सगळं घालण्याजोगं होतं. कपड्यांना धुराचा वास लागतो आणि तो सोलापुरात दोन धुण्यांनंतरही जात नाही. पण शेजारच्या एका सिमेंटच्या, टाइल्स लावलेल्या मुक्कामात उतरलेला ग्रुप दुसऱ्या दिवशी ओल्याच बुटांत निघाला होता आणि तिसऱ्या दिवशी त्यातले दोघे पायांच्या फोडांमुळे खोलीतच बसले. चालायला गेलेल्या माणसाला याहून मोठी सोय कुठली ते मला सांगा.

उणिवाही सांगतो. संडास घरापासून वीस-पंचवीस पावलांवर आणि सुरुवातीला त्याला आतून कडी नव्हती. नवरात्राच्या सुमारास कडी आली, दिवा अजून यायचा आहे. पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळ असते यावर पैज लावता येईल. पलीकडे घाटघरला २५० मेगावॉटचा वीजप्रकल्प आणि इकडे आम्ही हेडटॉर्चच्या उजेडात जेवतोय, यावर आमच्या गटातल्या निवृत्त वायरमनकाकांचं भाष्य दर खेपेला नव्याने ऐकावं लागतं. माळ्यावर उंदीर आहेत. खाऊच्या पिशव्या दोरीने टांगून ठेवाव्या लागतात. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गढूळ येतं, मावशी ते गाळून उकळून देतात, तरी मागून घ्या आणि उकळलंय का हे विचारा. साधेपणा मला चालतो, पाण्याच्या बाबतीत मात्र मी साधेपणा चालवून घेत नाही.

दुसरी पारख वाटाड्याची. आमचा वाटाड्या यजमानांचा पुतण्या, बावीस-तेवीस वर्षांचा, बोलायला कमी. जुलैत आम्ही रतनगडाला निघायला तयार होतो, सॅक पाठीवर होत्या. तो अंगणातून ओढ्याचा आवाज ऐकून आला आणि म्हणाला, "आज नको दादा. जाताना पोचाल, येताना अडकाल." रतनवाडीची वाट प्रवरेच्या सुरुवातीच्या पात्रातून अनेकदा आरपार जाते. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी वर पाऊस झाला की तासाभरात कमरेला लागतं. त्या दिवसाचे त्याचे पैसे बुडाले, कारण मार्गदर्शनाचे पैसे गडावर गेलं तरच. तरी नाही म्हणाला. पुढच्या खेपेपासून आम्ही ठरवून टाकलं की तो नको म्हणाला तरी त्याची त्या दिवसाची मजुरी द्यायची. हे सगळ्यांनी करावं असं माझं मत आहे. गडावर नेल्याचेच पैसे मिळत असतील तर कुठला पोरगा तुम्हाला थांबवेल?

त्या दिवशी मग अमृतेश्वराच्या देवळात दुपार काढली. शिलाहारांच्या काळातलं मानलं जाणारं हे मंदिर गावातच आहे, शेजारी पुष्करणी. भर पावसात गाभाऱ्यात पाणी साठतं आणि पिंड त्यात बुडते. कोरीवकाम बाहेरून भिजलेलं पाहण्यात जी मजा आहे ती कोरड्या दिवसांत नाही, दगड काळाभोर होतो आणि एकेक रेघ उठून दिसते.

रतनगड अखेर ऑक्टोबरात झाला आणि माझ्या मते या मुक्कामाचं खरं सोनं तोच. आधी ओढा, मग दाट रान, मग दम काढणारा चढ आणि शेवटी कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या. आमच्या चालीने वर जायला साडेतीन तास लागले, तरुण मंडळी अडीच तासांत जातात. शिड्या संपल्या की गणेश दरवाजा, पुढे हनुमान दरवाजा, आणि माथ्यावर चालत गेलं की नेढं. कातळाला आरपार पडलेलं भोक, त्यात आठ-दहा माणसं आरामात बसतील, आणि वारा असा की डोक्यावर टोपी राहत नाही. तिथून एका बाजूला धरणाचा जलाशय, दुसऱ्या बाजूला अलंग, मदन, कुलंग आणि त्यांच्या मागे कळसूबाई. आमच्या काकांनी नेढ्यात बसून शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोडली आणि अनोळखी लोकांनाही वाटली. उतरताना त्र्यंबक दरवाजाने पलीकडच्या साम्रद गावाकडे जाता येतं, पण गाडी तिकडे पाठवायची सोय आधी करावी लागते. आम्ही आल्या वाटेने परतलो. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्यांना महाग पडतं हे सगळेच सांगतात, मी फक्त एवढंच सांगेन की दोन काठ्या घ्या, एक नको.

कळसूबाई राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, म्हणून करायचंच असतं, आणि आम्हीही केलं. पायथ्याच्या बारी गावापर्यंत गाडीने जलाशयाला वळसा घालून जावं लागतं. शनिवार-रविवारी शिड्यांखाली रांग लागते, कुणीतरी स्पीकर घेऊन आलेला असतो. मधल्या वारी पहाटे निघालात तर तोच डोंगर ओळखू येणार नाही. नवरात्रात यात्रा असते, तेव्हाची गर्दी मात्र भक्तीची, तिच्याबद्दल तक्रार नाही.

सांदण दरी फेब्रुवारीत केली. साम्रदहून चालत गेलं की जमीन अचानक दुभंगते आणि तुम्ही त्या भेगेत उतरता. दोन्ही बाजूंना शेकडो फूट उभे कडे, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील एवढी अरुंद. तळाशी घरांएवढे दगड, त्यांच्यावरून चढत-उतरत जायचं. वाटेत पाणी लागतं, आमच्या वेळी एका ठिकाणी मांडीपर्यंत होतं आणि भर दुपारीही थंडगार, कारण तिथे ऊन पोचतच नाही. पुढे दोर लावून थेट कोकणात उतरता येतं, आम्ही मात्र अर्ध्यातून माघारी फिरलो, तेवढ्यावर समाधान आहे. पावसाळ्यात या दरीत पाऊलही टाकायचं नसतं. हरिश्चंद्रगड आमच्या मुक्कामापासून आडबाजूला पडतो. त्यासाठी पाचनईला वेगळा मुक्काम केलेला बरा. एका दिवसात जाऊन येण्याच्या नादात कोकणकड्यावर धड अर्धा तास बसायला मिळत नाही.

सामानाबद्दल थोडं. माझ्या बुटांचा सोल डिसेंबरात पुढून उचकटला. कंपनीने मुदत संपल्याचं सांगितलं, आमच्या चौकातल्या चांभाराने नायलॉनच्या दोऱ्याने शिवून दिला आणि सांदणमधल्या घासाघाशीतही तो टिकला. छत्री पूर्ण निरुपयोगी, पोंचो वाऱ्याने डोक्यावर येतो, जाड पावसाळी जाकीट आतून घामाने भिजतं. शेवटी भिजायचंच हे मान्य करून पटकन वाळणारे कपडे घातले तेव्हा बरं वाटलं. आणि सोलापूरकर म्हणून जड मनाने सांगतो, आपली चादर पावसाळ्यात घरीच ठेवा. जाड सुताची, एकदा ओल धरली की माळ्यावरही वाळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र न्या, दोन न्या. पहाटे तिथला पारा एक आकडी होतो आणि कुडाच्या भिंतीतून वारा आत येतो. यजमानांच्या घोंगडीवर आपली चादर, एवढ्यावर रात्र निघते. कडक भाकरीचंही तसंच, जुलैत एका रात्रीत सादळते, ऑक्टोबरनंतर आठवडाभर कुरकुरीत राहते.

जेवण उत्तम, पण साचेबंद. नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, तिथलाच भात, वरण, ठेचा. पावसाळ्यात खेकड्यांचा रस्सा मिळतो, मागितला तर. ज्वारीवर वाढलेल्या आमच्या पोरांना नागली पहिल्या दिवशी नको होती आणि तिसऱ्या दिवशी पुरत नव्हती, हे श्रेय चालण्याचं. याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. आमच्या मावशींना त्यांच्या परसातल्या वालाच्या वेलांबद्दल विचारलं तर त्यांचंही बोलणं थांबत नाही. पनीरची भाजी मागू नका. कुणीतरी मागितली होती, राजूरहून आणावी लागली आणि चांगली झाली नाही.

खर्च आम्हाला माणशी दिवसाला साधारण बाराशे पडला, त्यात राहणं, दोन वेळचं जेवण, नाश्ता आणि मोजदाद न ठेवलेला चहा. वाटाड्याचे वेगळे, गटाला मिळून. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरायचं, पावती जपून ठेवायची. गाडीत पेट्रोल राजूरलाच भरा आणि रोख पैसेही तिथेच काढा, कारण पुढे रेंज नसली की मोबाईलवरून पैसे देणं विसरायचं. धरणाच्या काठावर तंबूंचेही भरपूर मुक्काम आहेत. त्यातल्या एकात आम्ही सुरुवातीला एक रात्र काढली, रात्री एकपर्यंत गाणी वाजत होती आणि सकाळी सातला कुणालाही उठवेना. फोटो छान आले.

ज्यांना आंघोळीला गरम पाणी वेळेवर लागतं, ज्यांना रात्री उठावं लागतं आणि अंधाराची भीती वाटते, त्यांनी इथे येऊ नये. त्यांच्यासाठी भंडारदऱ्यालाच धरणाजवळ बरी हॉटेलं आहेत, तिथून पायी न चालताही बरंच बघता येतं. माझ्या सासूबाई तिथेच उतरल्या होत्या आणि आमच्यापेक्षा ताज्यातवान्या परत आल्या.

मेअखेरीला काजवे सुरू होतील. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं लुकलुकायला लागली की पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते आणि त्यांच्या हेडलाइटमध्ये काजवे दिसेनासे होतात. ते दिवस आम्ही टाळणार आहोत. मावशींना जुलैच्या तिसऱ्या आठवड्याचं सांगून ठेवलंय, आवणी चालू असेल. या वेळी एक दिवस डोंगर बाजूला ठेवून चिखलात उतरायचं असं पोरांनी ठरवलंय, आणि मावशी म्हणाल्या, या की, पण रोप मोडलं तर जेवण नाही.