गॅझेटमध्ये नाव बदललं, सर्व्हिस कशी आहे ते सांगतो (४ स्टार)

आपल्याकडे खान्देशात आधीची पोरं जगली नाही की पुढच्याला उखर्डू, दगा, भिका, धुडकू असलं काहीतरी नाव ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून. मी त्यातलाच. कागदावर उखर्डू, आणि गावात, सासरी, मित्रांत सगळीकडे राहुल. तीसबत्तीस वर्षं काही अडलं नाही भो, पण केळी वेफर्सचं दुकान टाकलं नि काउंटरवर क्यूआर कोड लावला तेव्हापासून वैताग सुरू. गिऱ्हाईक स्कॅन करतं, मोबाईलवर नाव येतं उखर्डू, की लगेच बोट थांबतं. "हे कोणाचं खातं आहे?" परत समजवा, मागं लाईन लागलेली. तिथं बँक खात्यावरचंच नाव दिसतं, आपल्या मनानं टाकता येत नाही. म्हणून म्हटलं आता कायदेशीर करूनच टाकू.

माय नाराजच होती, "आजीनी ठेयेल नाव शे रे ते". पण क्यूआरचा किस्सा ऐकून तीच हसायला लागली.

तर रिव्ह्यू आहे महाराष्ट्र शासन राजपत्राच्या, म्हणजे सरकारी सूचना छापून येतात त्या गॅझेटच्या, ऑनलाइन नाव बदल सर्व्हिसचा. हे काम शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडं असतं, ऑफिस मुंबईला चर्नी रोडला, पण मुंबईला जायची अजिबात गरज नाही. अकाउंट बनवा, जुनं नाव, नवीन नाव, बदलाचं कारण भरा, फोटो, सही आणि कागदपत्रं अपलोड करा, पैसे ऑनलाइन. मागासवर्गीय असाल तर जातीचा दाखला लावा, फी कमी पडते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जाहिरात भाग दोन मध्ये छापून येते आणि पीडीएफ डाउनलोड करता येते. पानभर लोकांची नावं असतात, जुनं नाव नि नवीन नाव, त्यात आपली एक ओळ. खरं सांगतो, ती ओळ सापडली तेव्हा भारी वाटलं.

आता एजंट लोकांचं. तहसील कचेरीच्या आजूबाजूला एकानं मला पूर्ण पॅकेज सांगितलं, स्टॅम्प, नोटरी, पेपरात जाहिरात, गॅझेट, आणि "वर साहेबांशी ओळख आहे, लवकर काढून देतो". आकडा असा सांगितला की त्यात दुकानाला नवीन कढई आली असती. मी उठून आलो. फॉर्म मराठी वाचता येणाऱ्या कोणालाही भरता येतो, स्कॅनिंग जमत नसेल तर साध्या ई-सेवा केंद्रातून करून घ्या, पण सबमिट करायच्या आधी स्क्रीनवर स्वतः वाचा. मराठी नाव पण आणि इंग्रजी स्पेलिंग पण, वडलांचं नाव, आडनाव, एकेक अक्षर. छापून आल्यावर चूक सापडली तर परत तोच सगळा खेळ.

एक स्टार कापला तो गॅझेट निघालं म्हणजे नाव बदललं असं समजणाऱ्यांसाठी. तसं काही नसतं मंडळी. गॅझेटमध्येच सूचना असते की मजकूर अर्जदाराच्या माहितीवरून छापलाय, कागदपत्रं तपासलेली नाहीत, खरेखोटेपणाची जबाबदारी शासन घेत नाही. म्हणजे सरकारनं फक्त जाहीर केलं. आधार, पॅन, बँक, मतदार यादी यांना कोणी आपोआप कळवत नाही, प्रत्येक दारात आपणच ते पान घेऊन उभं राहायचं.

माझं ऐकाल तर आधी आधार करा. पूर्ण नाव बदलत असेल तर तिथं गॅझेट लागतं आणि सोबत जुन्या नावाचं फोटोवालं ओळखपत्र पण लागतं, म्हणून जुनं कार्ड जोशात फेकून देऊ नका. आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळं न्यूमरॉलॉजीवाल्यानं सांगितलं म्हणून एक ए जास्त लावायला निघाले असाल तर जरा दम धरा. मग पॅन, नंबर तोच राहतो फक्त नाव बदलतं, पण आधार आणि पॅनचं स्पेलिंग सेम पाहिजे. मतदार कार्डाला फॉर्म ८. बँक शेवटी, कारण त्यांना नवीन आधार नि पॅन दोन्ही हवं असतं. एका बँकेत काउंटरवरच्या मॅडमनी प्रिंट उलटसुलट करून विचारलं, "याच्यावर शिक्का कुठंय?" डाउनलोड केलेल्या पीडीएफला शिक्का कुठून आणू? शेवटी मॅनेजरनं त्यांच्याच कॉम्प्युटरवर गॅझेटचा तो अंक उघडून पाहिला तेव्हा गाडी पुढं सरकली. म्हणून अंकाची तारीख आणि पान नंबर मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

दहावीच्या सर्टिफिकेटवर मी जुनंच नाव राहू दिलंय, त्याला गॅझेटची झेरॉक्स स्टेपल करून ठेवली.

भुसावळचे रेल्वेवाले, वरणगावचे ऑर्डनन्सवाले, तुम्ही केंद्र सरकारी नोकर असाल तर तुमचा रस्ता वेगळा आहे. तुम्हाला नाव बदलाचं डीड (म्हणजे नाव बदलल्याचा लेखी दस्त), पेपरात जाहिरात आणि भारत सरकारचं गॅझेट असं सगळं लागतं, राज्याच्या गॅझेटवर भागत नाही, आधी आपल्या ऑफिसात विचारा. बायामाणसांसाठी एक, लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कुठलाच कायदा नाही, सासरचे काहीही म्हणोत.

माझा सातबारा अजून बाकी आहे, घरच्या वाटणीत उखर्डूच लागलेलं आहे. तलाठी आप्पा, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, बोलले अर्ज दे, फेरफार टाकू. कोणी हे केलेलं असेल तर कागद काय काय लागले ते खाली टाका रे.