काळ्या मातीच्या आवारात शोभेचं गवत: वाळा, गवती चहा की जांभळं फाउंटन ग्रास?

विदर्भात शोभेचं गवत मरतं ते बहुधा मे महिन्यात नाही, ऑगस्टमध्ये. जम बसलेला ठोंब ४५ अंशांचं ऊन आठवड्याच्या दोन पाण्यांवर काढतो. पण काळ्या मातीत झड लागली आणि पाणी तुंबून राहिलं, की मुळांना हवा मिळत नाही. बुडखा सडतो, आणि पानं पिवळी दिसायला लागतात तोवर आत काही उरलेलं नसतं.

म्हणून आधी जमीन पाहा, रंग नंतर. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा. उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन पहिलं पाणी गटकन पिते, त्यावर जाऊ नका. दुसरं पाणी दुसऱ्या दिवशीही उभं असेल तर वाळाच लावा.

वाळा पाणथळ सोसतो आणि पाण्याचा ताणही सोसतो, कारण त्याची मुळं सरळ खाली, सोयीच्या जमिनीत ३ मीटर किंवा त्याहूनही खोल जातात. कुंदा या तणासारखा तो आडवा पसरत नाही, त्यामुळे शेजारच्या वावरात शिरण्याची भीती नाही. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं असतं. तिथे बाकी दोघांच्या पानांची टोकं करपतात, वाळा निभावून नेतो. दिसायला मात्र साधा: ५-६ फूट उंच, ताठ हिरवी पाती, तुरे विरळ. एकटा ठोंब शोभत नाही, रांग शोभते. दाट कुंपणासाठी दर अर्ध्या फुटावर दोन-तीन फुटवे लावा, म्हणजे १० फुटांना २१ जागा. लावताना पाला वीतभर आणि मुळं चार बोटं ठेवून छाटा. सावलीत तो झुरतो. आणखी एक: उन्हाळ्यासाठी मुळं काढायची असतील तर अख्खा ठोंब उपटावा लागतो. कुंपणाची रांग आणि मुळांची रांग वेगळीच ठेवा.

गवती चहा कमरेएवढा, सैल, झुकलेला. थोडी सावली चालते, आणि चहाची सोय होते हे वेगळं. पण त्याला निचरा हवाच. भरड किंवा मुरमाड जमिनीत दोन फुटांवर लावा, काळ्या मातीत फूटभर उंच गादीवाफा करा. दर दोन-तीन महिन्यांनी जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. तीन वर्षांत ठोंब मधून पोकळ होतो, तेव्हा मृगाच्या पावसानंतर उपटून बाहेरचे फुटवे लावायचे आणि मधला वाळका गाभा फेकायचा. मोकाट ढोरं असतील तर हा सोयीचा, उग्र वासामुळे त्याला सहसा तोंड लागत नाही. वाळ्याचे कोवळे फुटवे मात्र ती खातात, म्हणून पहिलं वर्ष पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचं, कुंपण घाला.

खरी शोभा जांभळ्या फाउंटन ग्रासची: तीन-चार फूट उंची, गडद जांभळी पाती, वाकलेले मऊ तुरे. तेवढेच नखरेही. थेट ऊन नसेल तर रंग उतरून हिरवट होतो. युरियाने तो फोफावतो आणि पहिल्या वादळी पावसात लोळतो. वर्षाला दोन ओंजळी कुजलेलं शेणखत पुरे. थेट काळ्या मातीत लावूच नका. गादीवाफा किंवा १४ इंची कुंडी, आणि तीत निम्मी माती, पाव मुरूम, पाव शेणखत. फेब्रुवारीच्या शेवटी अर्धा फूट ठेवून छाटा. नर्सरीत पान बघून घ्या. हिरव्या पानांच्या जातीचं बी वाऱ्याने उडतं आणि धुऱ्यावर तण होऊन बसतं. जांभळी जात सहसा उगवणारं बी धरत नाही, फुटव्यांवरच वाढते.

पंपास ग्रासचे फोटो बघून मोहात पडू नका. धारदार पानांचा तो ठोंब सहा फूट जागा अडवतो, आणि थंड हवामानातले ते तुरे आपल्या उन्हात मिळतील याचा भरवसा नाही. पांढऱ्या तुऱ्यांसाठी नदीकाठचा कासही आणू नका. तो मुळांनी पसरतो आणि निघता निघत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात तिघांनाही बुडाशी सोयाबीनच्या कुटाराचा तीन बोटं थर द्या, पण बुडख्याला चिकटवून नको, वाळवी चढते. वाळलेला पाला मार्चआधी कापून टाका. कुटाराच्या ढिगाजवळ तर यातलं काहीच लावू नका, एका ठिणगीवर पेटतं. दाट ठोंबात साप दडतो, म्हणून दारापासून आठ-दहा फूट लांब.