बोका, जांभळी टॉर्च आणि एन्झाइमचं लिक्विड: आठ महिन्यांनंतर

बोक्याच्या मुताचे डाग शोधायला नोव्हेंबरात बुधवार पेठेतून ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची यूव्ही (अतिनील) टॉर्च आणली आणि वास घालवायला एन्झाइम क्लीनरचा, म्हणजे मुतातले घटक फोडणाऱ्या लिक्विडचा, लिटरचा कॅन मागवला. आता जुलै संपत आलाय. हिवाळ्यातच लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच तारे दिले असते.

आधी टॉर्च. त्यापूर्वीची स्वस्तातली, ३९५ वाली, अख्खी खोलीच जांभळी करायची. डाग त्यात बुडून जायचे. हिच्याने दिवे मालवून, पडदे ओढून पाहिलं की मूत पिवळट-हिरवं चमकतं. पहिल्या रात्री हॉल असा उजळला की आईने कपाळाला हात लावला. त्यातलं निम्मं मूत नव्हतंच, डिटर्जंटच्या पाण्याने पुसल्याचे फराटे होते. त्यामुळे चमकलं की वाकून नाक लावायचं, त्याला इलाज नाही. दिवाणामागच्या भिंतीवर मात्र गुडघ्याच्या खाली एक डाग, त्यातून निघालेले चार ओघळ थेट फरशीपर्यंत. म्हणजे बोका शेपूट वर करून भिंतीवर फवारत होता आणि आम्ही वर्षभर फरशी घासत होतो!

लिक्विड फवारून लगेच पुसलंत तर पैसे पाण्यात. मूत जितकं मुरलंय तितकं लिक्विडही मुरू द्यायचं, वर प्लास्टिक झाकून रात्रभर ठेवायचं. युरिक ॲसिडचे खडे साध्या पाण्याने नीट विरघळत नाहीत. वास गेला असं वाटतं, हवा दमट झाली की परत हजर. जूनच्या पहिल्या पावसात फरशीच्या सांध्यांतून तो आलाच. आणखी दोनदा भिजवल्यावर गेला. कापसाच्या गादीपुढे मात्र हात टेकले, टाकून दिली.

आईचा भर फिनाईलवर. फिनॉल मांजरांना विषारी असतं हे डॉक्टरांनी सांगितल्यावर ती बाटली घराबाहेर गेली. ब्लीचही नको, मुतातल्या अमोनियाशी मिसळून घातक वायू होतो.

खरं सांगायचं तर फवारणं थांबलं ते फेब्रुवारीत नसबंदी केल्यावर, तेही महिनाभराने. ते आधी करायला हवं होतं, लिक्विड निम्मंच लागलं असतं. आणि बोका जोर करतोय पण थेंबही येत नाही असं दिसलं तर टॉर्च-बिर्च बाजूला ठेवून तडक डॉक्टरकडे न्या; लघवी तुंबली तर जिवावर बेतते.

लिक्विडला चार तारे, टॉर्चला साडेचार. टॉर्च सध्या घरात नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू गणपतीआधी जिना तपासायला घेऊन गेल्यात. त्यांच्याकडे मांजर नाही, संशय आमच्यावरच आहे.