पल्स ऑक्सिमीटर: आकडा ९८, तरीही धाप

दादरच्या एका औषधांच्या दुकानातून १,२०० रुपयांना घेतलेला, बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का पाहायचा ऑक्सिमीटर मी आठ महिने वापरत आहे. यंत्र म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. आकडे ठळक दिसतात, आणि बोट उबदार व स्थिर ठेवून अर्धा मिनिट थांबले, तर येणाऱ्या आकड्यावर दोन-तीन टक्क्यांचा फरक धरून विश्वास ठेवता येतो. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर मात्र तो चुकू शकतो.

अडचण आहे ती त्या आकड्यावर विसंबण्यात. लालबागच्या आमच्या चाळीचा जिना चढताना वहिनी दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबू लागल्या. "कितीही खोल श्वास घेतला, तरी पुरता भरत नाही हो, भाऊजी," असे त्या म्हणत. दर वेळी यंत्र ९८ दाखवी आणि आम्ही निर्धास्त होत असू. ९५ च्या वर असल्यास काळजी नाही, असे दुकानदारानेही सांगितले होते. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतला भाग पांढुरका पडला होता. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन स्त्रियांमध्ये किमान १२ असावे लागते; ते ७.४ निघाले. पाळीतला अतिरक्तस्राव त्या वर्षभर अंगावर काढत होत्या.

लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार सोडून, रक्तात जेवढे हिमोग्लोबिन आहे त्यापैकी किती टक्के ऑक्सिजनने भरले आहे, एवढेच हे यंत्र सांगते. मुळात हिमोग्लोबिनच कमी झाले असेल, तर ते त्याला कळत नाही. हृदयविकार, सौम्य दमा, थायरॉईडचा वाढलेला स्राव किंवा मनावरच्या ताणाने येणारे सततचे उसासे, यांतही आकडा पुष्कळदा चांगलाच राहतो. सोबतच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. धाप लागत असेल, तर आकडा काहीही असो, रक्ततपासणी, ईसीजी आणि फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बोलताना वाक्य पुरे होत नसेल, तर यंत्र शोधत न बसता रुग्णालय गाठावे.

वडिलांना मात्र याचा खरा उपयोग झाला. त्यांना फुफ्फुसांचा जुना आजार आहे, आणि बसल्या जागी ९५ असणारा आकडा जिना चढल्यावर ८८ पर्यंत उतरतो, हे याच यंत्रामुळे कळले. छातीच्या डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या त्यावरून ठरवल्या. आता दोन्ही वेळचे आकडे आई रोज कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवते.